उरणचे साडेसहा हजार: मतं फोडल्याचा ठपका दर वेळी लहान पक्षाच्याच मतदारावर का?

खाडीकाठ | १८ जानेवारी २०२५, रात्री ९:१०

परवा जासईच्या हुतात्म्यांना अभिवादन झालं. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या रक्तातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट मोकळी झाली. कार्यक्रमाला सगळ्या पक्षांचे लोक येतात, तसे यंदाही आले. चहाच्या वेळी बोलणं विधानसभेवर घसरलं आणि महाविकास आघाडीतल्या एका मोठ्या पक्षाचे पदाधिकारी मला म्हणाले, "तुम्ही लोकांनी मतं खाल्लीत, नाहीतर उरण आपलं होतं."

मी हा धागा त्यासाठीच काढतोय. २०२४ चे आकडे बघा. भाजपचे महेश बालदी ९५,३९०. शेकापचे, म्हणजे आमच्या शेतकरी कामगार पक्षाचे, प्रीतम म्हात्रे ८८,८७८. उद्धवसेनेचे मनोहर भोईर ६९,८९३. बालदी ६,५१२ मतांनी आले. दुसऱ्या नंबरावर आम्ही, तिसऱ्या नंबरावर ते, आणि मतं खाल्ली आम्ही?

आमच्या घरात तीन पिढ्या शेकापच्या खटाऱ्यावर शिक्का मारत आल्या. लोकसभेला मावळमध्ये आमचा उमेदवार नव्हता, तेव्हा गावातल्या आमच्या पोरांनी उद्धवसेनेच्या मशालीचं काम केलं. मतदान केंद्राबाहेर एकच टेबल होतं, एकाच यादीवरून दोघांची पोरं चिठ्ठ्या फाडून देत होती. सहा महिन्यांनी त्याच शाळेच्या कुंपणाला लागून दोन टेबलं लागली. एकाच भावकीतले लोक इकडे आणि तिकडे. म्हातारी माणसं येऊन विचारत होती, "आपलं कुठलं रे?" दोन्ही टेबलांवरून एकदम हात वर व्हायचे.

माझं म्हणणं सरळ आहे. शेकाप, माकप, भाकप, वंचित बहुजन आघाडी, कुठलाही लहान पक्ष घ्या. त्याच्या मतदाराचं मत मोठ्या पक्षाकडे गहाण पडलेलं नसतं. ते हवं असेल तर आधी बसा, बोला, जागा ठरवा आणि ठरलेलं पाळा. ते केलं नाही आणि निकालानंतर शिव्या मात्र मतदाराला, हे मला मान्य नाही. "भाजपला हरवायचंय म्हणून आम्हालाच मत द्या" हे वाक्य मी ऐकून घेतो, त्यातलं भय खोटं नाही. पण तेच वाक्य भोईरांच्या ६९ हजार मतदारांना कुणी ऐकवलं नाही.

तुमच्या भागात काय झालं ते लिहा. आकड्यांसकट लिहा.

जोगेश्वरी_पूर्व | १८ जानेवारी, रात्री १०:०२

खाडीकाठ, उरणपुरतं तुमचं बरोबर आहे. पण माझ्या मतदारसंघाकडे बघा. मुंबई वायव्य, लोकसभा २०२४. शिंदेसेनेचे रवींद्र वायकर ४,५२,६४४, उद्धवसेनेचे अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. एका चाळीच्या एका मजल्यावर याहून जास्त मतदार असतात. वंचितच्या उमेदवाराला दहा हजारांवर मतं पडली आणि नोटाला पंधरा हजारांवर.

माझे दोन जवळचे मित्र त्या दहा हजारांत आहेत. चळवळीतली, अभ्यासू पोरं. मतदानाच्या आधी आमचं रात्री उशिरापर्यंत वाजलं. मी म्हणत होतो, तुमचा उमेदवार येणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे, मग या वेळी संविधानाचा प्रश्न आहे तर मशालीला द्या. ते म्हणत होते, आम्ही मत पाडण्यासाठी देत नाही, मोजण्यासाठी देतो. आमची संख्या कागदावर दिसली नाही तर पुढच्या वेळी आम्हाला टेबलावर कोण बोलावणार?

मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, आजही नाही. खासदार पाच वर्षं दिल्लीत बसतो, कायद्यांवर मतदान करतो. तुमची संख्या मोजून घ्यायला नगरसेवकाची निवडणूक आहे, विधानसभा आहे. जिथे हजार-दोन हजारांचा मामला दिसतो तिथे डाव्या विचाराच्या माणसानं आधी कोण येऊ नये हे बघावं. मन मारून द्यावं लागलं तरी द्यावं. आपल्या मताचे परिणाम आपल्यापेक्षा गरीब माणसाला आधी भोगावे लागतात.

मोर्णाकाठ | १८ जानेवारी, रात्री ११:४०

जोगेश्वरी_पूर्व, तुमच्या मित्रांची बाजू मी मांडतो, कारण मी अकोल्याचा आहे आणि ही शिवी आम्ही सगळ्यात जास्त खाल्ली आहे.

आधी तुमच्याच मतदारसंघाबद्दल. वायकर मार्च २०२४ पर्यंत उद्धवसेनेतच होते ना? निवडणुकीच्या तोंडावर ते शिंदेंकडे गेले. म्हणजे ज्या पक्षाला मत दिलं नाही म्हणून वंचितच्या दहा हजारांना दोष, त्याच पक्षाचा आमदार समोरून उभा राहून निवडून आला. मग फोडाफोड नेमकी कुणी केली?

आता नांदेड. २०१९ च्या लोकसभेला काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजारांनी हरले आणि वंचितला १ लाख ६६ हजार मतं पडली. तेव्हापासून पाच वर्षं आम्ही भाजपची "बी टीम" हा शब्द रोज ऐकला. लग्नात ऐकला, ऑफिसात ऐकला, पुरोगामी म्हणवणाऱ्या मित्रांच्या तोंडून ऐकला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेच चव्हाण भाजपमध्ये गेले. ज्या माणसासाठी आम्ही मत द्यायला हवं होतं म्हणता, तो माणूसच पलीकडे गेला. आणि नोव्हेंबरच्या नांदेड पोटनिवडणुकीत वंचितचा उमेदवार असूनही काँग्रेस १,४५७ मतांनी आलीच की.

दुसरं, वंचितची मतं उमेदवार नसता तर गठ्ठ्यानं काँग्रेसकडे गेली असती हे गृहीतकच चूक आहे. २०१९ ला राज्यात वंचितला ४१ लाखांच्या आसपास मतं होती. त्यात धनगर होते, माळी होते, लहान ओबीसी जाती होत्या, ज्यांतले कितीतरी आधी युतीला मत देत होते. काही जण घरीच बसले असते. वजाबाकी करताना हे कुणी धरत नाही.

आणि एकत्र आल्यावर काय होतं तेही इतिहासात आहे. १९९८ ला काँग्रेसनं रिपब्लिकन गटांना जागा सोडल्या. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. चार उभे राहिले, चारही आले, तेही राखीव नसलेल्या जागांवरून. म्हणजे आमची मतं काँग्रेसला जातात आणि काँग्रेसची आम्हाला येतात, हे घडू शकतं. मोठ्या पक्षानं मनापासून जागा सोडली की घडतं. त्यानंतर पंचवीस वर्षांत तसं पुन्हा का नाही झालं, याचं उत्तर आधी द्यावं.

२०२४ ला अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी आले. काँग्रेसचे अभय पाटील दुसरे, आमचे बाळासाहेब, म्हणजे प्रकाश आंबेडकर, २ लाख ७६ हजार घेऊन तिसरे. मला त्याचं दुःख आहे, लपवत नाही. पण त्याच निवडणुकीत नागपूर आणि कोल्हापूरला वंचितनं काँग्रेसच्या उमेदवारांना पाठिंबा दिला होता. परतफेड म्हणून अकोला सोडायला काय हरकत होती?

जोगेश्वरी_पूर्व | १९ जानेवारी, सकाळी ७:२५

मोर्णाकाठ, चव्हाणांचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ओढूनताणून देणारही नाही.

पण एक सांगा. २०१९ च्या विधानसभेला वंचितनं दोनशेच्या वर जागा लढवल्या आणि एकही आली नाही. दोनशे ठिकाणी उमेदवार देण्यापेक्षा वीस ठिकाणी जीव लावला असता तर? संख्या दाखवायची म्हणता, पण २०१९ च्या लोकसभेचे सात टक्के २०२४ ला तीनच्याही खाली आले. मतदार दर वेळी फक्त मोजून घ्यायला येत नाही. त्याला कधीतरी जिंकायचंही असतं.

सप्तशृंगी_पायथा | १९ जानेवारी, सकाळी ११:१५

आमच्याकडे दिंडोरीत याच्या उलटं झालं, ते लिहितो.

सुरगाणा, कळवण, पेठ हा लाल बावट्याचा पट्टा. मार्च २०१८ चा नाशिक-मुंबई पायी मोर्चा सगळ्यांना आठवत असेल. पायाची सालटी निघालेले फोटो देशभर गेले. त्यातल्या कितीतरी बाया आमच्या पाड्यांवरच्या. वनजमिनीचा सातबारा नावावर व्हावा एवढीच मागणी. २०१९ च्या लोकसभेला माकपचे जे. पी. गावित इथून लढले आणि त्यांना लाखाच्या वर मतं पडली. जागा भाजपनं जवळपास दोन लाखांनी जिंकली, त्यामुळे मतं फोडल्याचा आरोप त्या वेळी तसा टिकत नव्हता. तरी झालाच.

२०२४ ला गावितांनी माघार घेतली. पक्षानं शरद पवार गटाच्या भास्कर भगरेंना पाठिंबा दिला. सोपं नव्हतं हे. पाड्यावर बैठक झाली तेव्हा एक आजी म्हणाली, विळा-हातोडा नाही तर मी बोट कशावर ठेवू? कार्यकर्त्यानं कागदावर तुतारी वाजवणारा माणूस काढून दाखवला. तो कागद तिनं घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

आणि मतदान यंत्रावर काय, तर अजून एक भगरे, अपक्ष, चिन्ह नुसती तुतारी. त्यांना १ लाख ३ हजारांवर मतं पडली. प्रचाराला फारसं कुणी दिसलं नव्हतं. मतं फोडणारा म्हणून आम्हाला वर्षानुवर्षं हिणवलं, आणि इथे चिन्हाच्या घोळानं लाखभर मतं गेली. एवढं होऊनही भगरे सर १ लाख १३ हजारांनी आले. आमची मतं गेली, ती मोजून गेली, यादीतल्या प्रत्येक केंद्रावर दिसतात.

त्याच्या बदल्यात विधानसभेला कळवण माकपला सुटलं. म्हणजे शब्द पाळला गेला, तेवढं श्रेय देतो. गावित आठ-साडेआठ हजारांनी हरले. आघाडीतल्या मोठ्या पक्षांच्या गावांमधून आम्हाला किती आली, हा प्रश्न आमच्या बैठकीत विचारला गेला आणि उत्तर कडू होतं. डहाणूला मात्र विनोद निकोले पुन्हा आले, पाच हजारांच्या फरकानं. तिथे बांधणी आमचीच आहे, दुसऱ्याच्या मतांवर भिस्त कमी.

म्हणून माझं मत खाडीकाठपेक्षा थोडं वेगळं आहे. माघार घेणं ही कमजोरी नाही. लोकसभेला आम्ही घेतली ती बरोबरच होती. पण मत दिल्यानं देवाणघेवाण संपत नाही, मत घेणाऱ्यानंही त्याच्या माणसांना घराबाहेर काढावं लागतं. तो हिशेब मागायला आपण लाजतो.

कृष्णाकाठची_लेक | १९ जानेवारी, दुपारी ३:३०

सांगलीतून. मी शिक्षिका आहे, घरात दोन्ही बाजूंची माणसं आहेत, त्यामुळे बोलते.

२०१९ ला इथे वंचितकडून गोपीचंद पडळकर होते. तीन लाख मतं. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील, मेंढपाळ, ऊसतोड करणारे, पहिल्यांदाच कुणाच्यातरी सभेला स्वतःच्या पैशानं गेले. जाताना वर्गणी देऊन आले. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मे महिन्यात निकाल लागला आणि सप्टेंबर संपायच्या आत पडळकर भाजपमध्ये. त्या तीन लाख लोकांना कुणी विचारलं?

मोर्णाकाठ भाऊ, तुम्ही चव्हाणांचं उदाहरण देता ते खरं आहे, पण तिसऱ्या पर्यायाच्या बाजूनंही हे घडतं हे मान्य करा. मोठ्या पक्षांना जाब विचारताना आपल्या पक्षानं उमेदवार कुठून आणला, तो आधी कुठे होता, हेही मतदारानं विचारलं पाहिजे. चळवळीतला साधा कार्यकर्ता बाजूला ठेवून ऐनवेळी जातीचं गणित बघून तिकीट दिलं की असंच होणार.

आणि २०२४ ला आमच्याकडे गंमत नाही, धडा झाला. आघाडीनं जागा उद्धवसेनेला दिली, चंद्रहार पाटलांना. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, वंचितनं त्यांना पाठिंबा दिला आणि ते लाखाच्या फरकानं आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा, साठ हजारांच्या आसपास. "अधिकृत उमेदवारालाच मत द्या नाहीतर भाजप येईल" हे सांगलीकरांनी ऐकलं असतं तर खरोखरच भाजप आला असता. मुख्य प्रवाह कोण आणि मतं खाणारा कोण, हे मुंबईत पत्रकार परिषदेत ठरत नाही. लोक गावात बसून ठरवतात आणि बऱ्याचदा पक्षांपेक्षा बरं ठरवतात.

करंजा_बंदर | १९ जानेवारी, सायंकाळी ६:०५

खाडीकाठ, मी तुमच्याच तालुक्यातला, दुसऱ्या टेबलावर बसणारा. नाव नाही सांगत, ओळखाल कदाचित.

तुम्ही अर्धाच हिशेब मांडलात. भोईर २०१४ ला इथून आमदार झाले होते. २०१९ ला तेच दुसऱ्या नंबरावर होते आणि शेकाप तिसऱ्या. जागावाटपाचा साधा नियम आहे, मागच्या वेळी जो दुसरा त्याचा हक्क पहिला. त्या नियमानं उरण आमचंच होतं. आमच्या शिवसैनिकानं दोन वर्षं पक्ष फुटल्यावरही झेंडा सोडला नाही, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं की बस आता?

तुमच्या पक्षाची ताकद वाढली हे निकालानंतर कळलं. आधी कळायला काही सोय होती का?

खाडीकाठ | १९ जानेवारी, रात्री ८:२०

करंजा_बंदर दादा, ओळखलं. तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. २०१९ चा क्रम तुम्ही म्हणता तोच होता. तुमच्या सैनिकानं फुटीनंतर जे सोसलं त्याचा मला आदर आहे.

फक्त दोन गोष्टी. एक, सांगोला. तिथे २०१९ ला शेकाप दुसरा होता, अवघ्या ७६८ मतांनी हरलेला. गणपतराव देशमुखांनी अकरा वेळा जिंकलेली जागा. तुमच्याच नियमानं ती आमची होती. तिथेही तुमच्या पक्षानं उमेदवार दिला. मग नियम नेमका कुठला? बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांनी आले म्हणून तो विषय कुणी काढत नाही. पडले असते तर तिथेही आम्हीच मतं खाणारे ठरलो असतो.

दोन, ताकद कळायची सोय. होती. तालुक्यातल्या दोन्ही बाजूंच्या पंचवीस-तीस माणसांना एका हॉलमध्ये बसवलं असतं तर गावनिहाय चित्र दुपारपर्यंत तयार झालं असतं. आपण दोघांनी बसूनही झालं असतं. वरच्यांनी ते होऊ दिलं नाही आणि खालच्यांनी धरून लावलं नाही.

जुना_गिरणगाव | १९ जानेवारी, रात्री १०:५०

तुम्ही सगळे २०१९ आणि २०२४ बोलताय. या भांडणाचं मूळ फार जुनं आहे, ते पोरांना माहीत असावं म्हणून लिहितो.

१९५२ ची पहिली लोकसभा. मुंबई उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सोबत समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. सर्वसाधारण जागेवर कम्युनिस्टांचे डांगे. आणि काँग्रेस. बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून चौदा हजारांवर मतांनी हरले. त्या निवडणुकीत सत्तर हजारांहून जास्त मतं कुजवली गेली, म्हणजे दुसरं मत कुणालाच पडू नये अशी वाया घालवली गेली, आणि त्याचा प्रचार डांग्यांच्या बाजूनं झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक लवादाकडे गेले. याचिका फेटाळली गेली. पण गिरणगावातल्या आमच्या चाळीत तो सल दोन पिढ्या राहिला. लाल बावट्याच्या आणि निळ्या झेंड्याच्या घरांत त्यावरून बोलणं बंद झालेलं मी लहानपणी ऐकलं आहे.

१९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक. पुन्हा दोन जागा, पुन्हा सोबत अशोक मेहता. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं की आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू, म्हणजे तुमची जागा नक्की. चळवळीत आजही सांगतात की बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं. घटना लिहिणाऱ्यानं मत वाया घालवायला सांगायचं नाही. मेहता आले, बाबासाहेब पडले.

आणि आता १९५७. संयुक्त महाराष्ट्र समिती. शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, फेडरेशन सगळे एका मांडवात. एकमेकांची तोंडं न बघणारे लोक एकाच व्यासपीठावर. मुंबई मध्यच्या दोन जागांवर कोण आले माहीत आहे? डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यात कुजवलेल्या मतांवरून वैर झालं, त्यांच्याच मतदारांनी एकमेकांना मतं दिली. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला.

हे कसं झालं? मागणी एक होती, स्पष्ट होती, आणि ती लोकांची होती. मुंबईसह महाराष्ट्र. "अमक्याला हरवा" एवढ्यावर ते झालं नसतं. राज्य मिळालं आणि समितीही विस्कटली, कारण पुढची मागणी ठरली नाही. आज आघाडीवाले येतात तेव्हा मी त्यांना हेच विचारतो. भाजपला हरवून काय करणार ते चार ओळींत लिहून द्या. कंत्राटी भरती बंद करणार का? बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांना घरं मुंबईतच देणार का? लिहून दिलं तर मत मागायला येण्याचीही गरज नाही.

पसंती_पहिली | २० जानेवारी, सकाळी ९:००

काका, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवतोय.

मला वाटतं आपण सगळे ज्यात अडकलोय ती मतदानाची पद्धतच आहे. ज्याला सगळ्यात जास्त तो आला, मग निम्म्याहून जास्त लोक त्याच्या विरोधात असले तरी. उरणमध्ये म्हात्रे आणि भोईर यांची बेरीज दीड लाखाच्या वर जाते, बालदी लाखाच्या आत, तरी जागा त्यांचीच.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपण काय करतो? उमेदवारांसमोर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे सरकतं. मी पदवीधरला बिनदिक्कत चळवळीच्या उमेदवाराला १ देतो आणि आघाडीच्या उमेदवाराला २. मन मारावं लागत नाही आणि मित्राशी भांडावं लागत नाही. हीच पद्धत विधानसभेला आणि लोकसभेला आली तर जोगेश्वरी_पूर्व आणि त्यांचे मित्र दोघेही खूश राहतील. डाव्या पक्षांनी ही मागणी जाहीरनाम्यात वर घ्यायला हवी. कायदा बदलावा लागेल, वेळ लागेल, पण मागणी तरी करा.

खाडीकाठ | २० जानेवारी, सकाळी ९:४५

पद्धत चांगली आहे, पाठिंबा. पण आम्हाला पसंतीक्रमाचा अनुभव ताजा आहे. १२ जुलै २०२४ ची विधान परिषद. अकरा जागा, बारा उमेदवार, आमदारांचं मतदान, पसंतीक्रम लिहूनच. आमचे शेकापचे जयंत पाटील शरद पवारांच्या पाठिंब्यावर उभे होते. महायुतीचे नऊच्या नऊ आले, काँग्रेस आणि उद्धवसेनेचा एकेक आला आणि पडले ते जयंतभाई. काँग्रेसची सात मतं फुटल्याची चर्चा राज्यभर झाली. पद्धत कुठलीही आणा, आघाडीतल्या मोठ्यांची मतं लहानाकडे सरकायला तयार नसतील तर पसंती कागदावरच राहते.

पूर्वभाग_सोलापूर | २० जानेवारी, दुपारी १:१०

थोडक्यात आमचं. विडी वळणाऱ्या बायकांचा भाग. माकपच्या आडम मास्तरांनी कुंभारीजवळ असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत उभी करायला घेतली, त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. आई तिथे राहते. लोकसभेला माकपनं काँग्रेसच्या प्रणिती शिंदेंचं काम केलं, त्या आल्या. विधानसभेला शहर मध्य आडम मास्तरांना सुटेल अशी इथे सगळ्यांची अपेक्षा होती. काँग्रेसनं स्वतःचा उमेदवार दिला. भाजप आला, एमआयएम दुसरा, आणि काँग्रेस आणि मास्तर दोघेही मागे.

आईनं लोकसभेला पंजा दाबला होता, आयुष्यात पहिल्यांदा. पुढच्या वेळी मी तिला काय सांगू, हे मला इथल्या आघाडी समर्थकांकडून ऐकायचं आहे. टोमणा नाही, खरंच विचारतोय.

जोगेश्वरी_पूर्व | २० जानेवारी, दुपारी २:३०

पूर्वभाग_सोलापूर, लोकसभेला आईंनी जे केलं ते बरोबर होतं असं मी आजही म्हणेन. पुढच्या लोकसभेलाही तसंच सांगा, लढत थेट असेल तर. पण विधानसभेला शहर मध्यमध्ये त्यांनी विळा-हातोडाच दाबावा. माझा नियम मी एवढाच ठेवतो: थेट लढत असेल तिथे जिंकू शकणाऱ्याला, आणि जिथे आपल्या पक्षानं जमीन कसली आहे तिथे आपल्यालाच. शहर मध्यमध्ये ती कुणी कसली हे तुम्हीच लिहिलंत.

मोर्णाकाठ | २० जानेवारी, दुपारी ४:१५

जोगेश्वरी_पूर्व, ही मांडणी वंचितलाही लावणार असाल तर आपल्यात भांडण उरत नाही. अकोला, बाळापूर, मूर्तिजापूर या पट्ट्यात जिल्हा परिषद आम्ही वर्षानुवर्षं चालवून दाखवली आहे. ही आम्ही कसलेली जमीन. इथे आघाडीनं बाजूला व्हावं, मुंबई वायव्यमध्ये आम्ही होऊ. सांगलीच्या ताईंचं उमेदवारांबद्दलचं म्हणणंही मी आमच्या तालुका बैठकीत मांडणार आहे, कारण ते खरं आहे.

खाडीकाठ | २० जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. आता कामाचं बोलतो.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, आज जानेवारी २०२५ मध्ये बहुतेक ठिकाणी प्रशासक बसलेत, निवडणुका कधीही लागतील. इथे विधानसभेपेक्षा जागा जास्त, त्यामुळे वाटून घ्यायला वाव जास्त. जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण असतात, मतदार गटाला एक आणि गणाला एक मत देतो. पनवेल महापालिकेत चारच्या प्रभागात चार मतं. म्हणजे एकाच मतदाराला लाल बावटा आणि मशाल दोन्हीला मत देता येतं, कुणालाही मन मारावं लागत नाही. ही मतं एकमेकांना जातात का, हे केंद्रनिहाय आकड्यांतून दिसेल आणि पुढच्या विधानसभेला "तुमची ताकद आधी कळली नाही" असं कुणाला म्हणता येणार नाही.

करंजा_बंदर दादा, तुमच्या आणि आमच्या टेबलावरची माणसं मी वर म्हटलं तशी एकत्र बसवूया. वरून आदेश येण्याची वाट न बघता. गावनिहाय यादी मी आणतो, विधानसभेचे केंद्रनिहाय आकडे तुम्ही आणा. काकांनी म्हटल्याप्रमाणे चार मागण्याही तिथेच लिहून काढू: साडेबारा टक्क्यांचे राहिलेले भूखंड, गावठाणातल्या घरांचा प्रश्न, विमानतळावर स्थानिकांना कायम नोकऱ्या, आणि मच्छीमारांची भरपाई. ज्या उमेदवाराला ते मान्य नाही, तो आपला नाही, चिन्ह कुठलंही असो.

करंजा_बंदर | २० जानेवारी, रात्री १०:१५

रविवारी सकाळी चालेल. आमच्या शाखेत नको आणि तुमच्या कार्यालयातही नको, शाळेचा हॉल मागतो. आकडे माझ्याकडे आहेत, पण चार केंद्रांचे फॉर्म अजून मिळालेले नाहीत, ते शनिवारपर्यंत काढतो. मच्छीमारांच्या मुद्द्यात बंदराच्या गाळाचं पण घाला.